पनचक्की कशी बघायची: खामच्या दगडी पुलापासून उलट्या पाण्याने नहरीपर्यंत

पाहुणे आले की आमच्या संभाजीनगरात बेत ठरलेला असतो, सकाळी वेरूळ, येताना दौलताबाद, मग मकबरा, आणि दिवस मावळायच्या आत वीस-पंचवीस मिनिटं उरली तर पनचक्की. हौदाच्या कडेला ग्रुप फोटो, माशांना चार मुरमुरे, वडाखाली चहा, की निघाले गाडीत बसायला. माझा दरवेळी जीव तुटतो हे बघून, कारण तिथे जे आहे ना ते एक अख्खं यंत्र आहे, डोंगराकडून पाणी आणायचं, उंचावर चढवायचं, पाडायचं, त्याच्यावर दळण दळायचं, उरलेलं हौदात साठवायचं, हौदाखाली गारवा करायचा आणि शेवटी सगळं नदीत सोडायचं, आणि त्याच नदीवरून माणसं नि बैलगाड्या पलीकडे जाव्यात म्हणून शेजारीच दगडी पूल. एवढं सगळं हाकेच्या अंतरात आहे आणि आपण त्यातला फक्त हौद बघून येतो.

म्हणून मी लोकांना सांगते की पाण्याच्या उलट दिशेने चला. नदीपासून सुरुवात करा नि मागे मागे जात जात पाणी आलं कुठून तिथवर पोचा. असं केलं की प्रत्येक जागेवर आपोआप प्रश्न पडतो की हे पाणी याच्या आधी कुठे होतं, आणि उत्तर पुढच्या वीस पावलांवर असतं.

आधी वेळेचं. निदान अडीच-तीन तास हातात ठेवा. पावसाळा संपल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता मामेबहिणीला घेऊन गेले होते, दगड इतके तापलेले की चप्पल काढून उभं राहवेना, आणि तिथे दर्गा नि मशीद आहे तर चप्पल काढावी लागतेच. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते तेव्हा मोजमाप, फोटो असलं काही करत फिरू नका. सोबत घ्यायचं ते एवढंच, पाच मीटरचा टेप, मोबाईलमध्ये टॉर्च असतोच पण एक वेगळी बॅटरी, वही-पेन्सिल, पाण्याची बाटली, डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी. तिकीट नाममात्र आहे.

सेंट्रल बसस्टँडवर उतरलात तर रिक्षा लगेच करू नका, मिल कॉर्नरपर्यंत पायी या. आपण रोज म्हणतो मिल कॉर्नर, मिल कॉर्नर, पण कुठली मिल ते नव्या पोरांना विचारलं तर सांगता येत नाही. १८८९ साली निजामाच्या राज्यात असताना इथे सूतकताईची नि कापडाची गिरणी उभी राहिली, सातशेच्या आसपास माणसं कामाला होती. गिरणी गेली, नाव चौकाला चिकटून राहिलं. तिथून पनचक्की अगदी जवळ. म्हणजे वाफेवरची गिरणी नि पाण्यावरची गिरणी, दोन्ही एकाच चालीच्या अंतरात, आणि आपली भाषा बघा, पिठाचीही गिरणीच नि कापडाचीही गिरणीच. औद्योगिक वारसा म्हटलं की लोकांना धुराडं नि लोखंड डोळ्यापुढे येतं. २००३ साली रशियात निझनी टागिल इथे जी जागतिक सनद ठरली तिच्यात मुख्य काळ १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचा धरलाय खरा, पण त्याच्या आधीची मुळंही तपासावीत असं तिच्यातच लिहिलंय. इंग्लंडात क्रॉमफर्डला आर्कराइटने पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली १७७१ मध्ये, ती आज जागतिक वारसा आहे, आणि आमची पनचक्की त्याच्याही आधीची. पीठ नि सूत वेगळं, मान्य, पण पडत्या पाण्याकडून काम करून घ्यायची अक्कल तीच.

आता पूल.

महमूद दरवाजा आणि त्याला जोडून खाम नदीवरचा दगडी पूल, हे पनचक्कीच्या अगदी अंगाला आहेत. रस्ता अरुंद आहे नि वाहतूक सतत, त्यामुळे पुलाच्या मधोमध उभं राहून फोटो काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका. पूल वरून दिसतच नाही मुळी, वरून दिसतो तो रस्ता. पूल बघायचा तर बाजूने, काठावरून, जिथून कमानी दिसतात तिथून बघायचा. सकाळचं तिरकं ऊन दगडावर पडतं तेव्हा चिरे वेगवेगळे दिसतात, दुपारी सगळं एकसारखं काळं होऊन जातं.

तिथे उभं राहून काय करायचं? पहिलं म्हणजे कमानी मोजा आणि वहीत साधी रेघारेघांची आकृती काढा, चित्र येत नसलं तरी काढा, कारण हाताने काढताना डोळा थांबतो. मग एका कमानीचा माथा धरा, तिथे पाचरीसारखा दगड असतो, वर रुंद खाली निमुळता. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि सगळा भार सरकत सरकत खांबात उतरतो, लोखंडाची एक कांबसुद्धा लागत नाही. वरून जितका भार जास्त तितके दगड एकमेकांना घट्ट दाबतात, म्हणून असले पूल हत्ती-तोफांच्या काळापासून ट्रकच्या काळापर्यंत आले. त्यांना मारतं ते वजनापेक्षा जास्त पाणी नि झाडं. सांध्यात पिंपळाचं बी पडलं की मूळ चुना फोडत आत जातं आणि एकदा चिरा जागचा हलला की कमानीचा सगळा हिशोब बिघडतो. तेव्हा पिंपळाचं रोपटं कुठल्या खांबावर दिसतंय ते आवर्जून टिपा. दुसरं, खांबाच्या तळाशी बघा. दगडी पुलांच्या खांबांना वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, टोकदार नाक काढायची पद्धत असते, पुराचं पाणी नि वाहून आलेली ओंडकी त्या नाकावर फाटून दोन्हीकडे जावीत म्हणून. इथे काय केलंय ते स्वतः बघा नि दोन्ही बाजूंची तुलना करा. तिसरं, चिऱ्यांमधल्या सांध्यात पांढरट चुना आहे की करडं सिमेंट ते बघा. सिमेंट दिसलं तर ती डागडुजी अलीकडची. चुना दगडाबरोबर थोडा श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ओल अडकवतं आणि मग दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटायला लागतो.

असे पूल खामवर आणखी आहेत, मकाई दरवाजाजवळ, बारापुल्ला दरवाजाजवळ, या दुसऱ्याच्या तर नावातच पूल आहे. जमलं तर तिघांची आकृती एकाच पानावर काढा, फार मजा येते तुलना करायला.

नदीबद्दल दोन शब्द, कारण ती बघून लोक नाक दाबतात. खाम जटवाड्याकडच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते, म्हणजे ही गंगेची लेक आहे, गटार नाही. गेल्या काही वर्षांत काठ साफ करायचं, झाडं लावायचं काम पालिकेने नि शहरातल्या लोकांनी मिळून हातात घेतलंय आणि फरक दिसतोय. पुलावरून कागद, पुडी, हार काहीही खाली टाकू नका, पाहुण्यांना पण सांगा.

आता काठावरूनच पनचक्कीकडे तोंड करा. नदीच्या अंगाला जी उंच दगडी भिंत दिसते तिच्यावर अख्खा परिसर उभा आहे. हौदातलं जास्तीचं पाणी शेवटी या बाजूनेच खाममध्ये उतरतं. यंत्राचं शेवटचं टोक ते, इथून आपण आत शिरायचं.

आत गेल्यावर सगळे सरळ हौदाकडे धावतात, तुम्ही आधी हौदाच्या खाली काय आहे ते विचारा. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. जाडजूड दगडी खांबांवर ते छत तोललेलं, आणि त्याच्यावर पाणी. उन्हाळ्यात इथे बसायची सोय, डोक्यावर पाणी असल्यामुळे खाली गारवा. दालन उघडं असलं नि आत जायला हरकत नसली तर जा, नाहीतर तिथल्या माणसाला नीट विचारा, गोड बोललं की लोक स्वतः येऊन दाखवतात हा माझा अनुभव आहे. खांबाला तळहात लावून थोडा वेळ तसाच ठेवा. मी ठेवला होता, बाहेर घामाच्या धारा नि इथे दगड असा गार की माठाला हात लावावा. मग बॅटरी तिरकी धरून छताचे सांधे बघा, पांढरे ओघळ दिसले तर ते चुन्याचे क्षार, पाणी झिरपलं नि सुकलं त्याची खूण.

इथेच एक गणित करा, मुलं सोबत असतील तर त्यांच्याकडून करून घ्या. हौद सुमारे १६४ फूट लांब नि ३१ फूट रुंद आहे, म्हणजे ५० मीटर बाय साडेनऊ मीटर धरा. त्यात नुसतं एक फूट पाणी भरलं तरी वजन होतं १४० टनांच्या आसपास. दहा टनी चौदा ट्रक भरून छतावर उभे करा म्हटल्यासारखं झालं हे, आणि तेही एका फुटाचं. हा भार तीनशे वर्षांच्या आसपास हे खांब पेलतायत आणि आपल्याकडे नव्या इमारतीची गच्ची दुसऱ्या पावसाळ्यात गळते. ज्यांनी हे बांधलं त्यांच्यातल्या एकाही गवंड्याचं नाव आपल्याला माहीत नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता वर या, हौदापाशी. लांबी पावलांनी मोजा, आपलं एक पाऊल किती फुटाचं ते आधी टेपने बघून ठेवा. कारंजी कुठे कुठे आहेत ते बघा. कारंज्याला मोटर लागते असं आपल्याला वाटतं पण पाणी उंचावरून बंद नळातून आलं की दुसऱ्या टोकाला ते आपल्या मूळ उंचीच्या जवळपास चढायला बघतं, कारंजं उडतं ते त्या दाबावर. हौदाचं पाणी शांत का असतं याचाही विचार करा. उंचावरून आदळलेल्या पाण्याला इथे पसरायला जागा मिळते, गाळ खाली बसतो. मासे असतात, बघा, पण ब्रेड-बिस्किट टाकू नका, पाणी नासतं.

हौदाच्या टोकाला उंच भिंत, तिच्यावरून पाणी कोसळतं. सगळे तिथे सेल्फी घेतात आणि मला वाटतं की थांबा, हा शोभेचा धबधबा नाही, हे इंजिन आहे! पाण्याने केलेलं सगळं काम या उंचीत साठलेलं आहे. भिंतीची उंची मोजायची सोपी रीत सांगते, दगडांचे थर मोजा, हाताला येणारा एक थर टेपने मोजा, गुणाकार करा. समजा पडझोत सहा मीटरचा धरला आणि सेकंदाला दहा लिटर पाणी, म्हणजे दर दोन सेकंदाला एक वीस लिटरचा जार, तर त्यातून मिळणारी ताकद होते ५९० वॅटच्या आसपास, पाऊण एचपी म्हणा. घरातल्या पिठाच्या चक्कीची मोटर साधारण एक एचपीची असते. चाकात, घर्षणात निम्मी ताकद गेली तरी जातं फिरवायला पुरून उरते, आणि महत्त्वाचं म्हणजे ही मोटर रात्री पण चालते, दमत नाही, बिल येत नाही. पाणी आटलं तर मात्र बंद, म्हणून नहर, म्हणजे लांबून पाणी आणणारी जमिनीखालची वाट, जपायची. जाल त्या दिवशी पाणी नहरीचं पडतंय की पंपाने फिरवलेलं, एवढं तिथे विचारून घ्या नि वहीत लिहा.

आणि आता चक्की. छोटी खोली, गर्दी होते, म्हणून लोक दारातून डोकावून "हां हां, चक्की आहे" म्हणून परततात. तुम्ही थांबा. खाली आडवं बसवलेलं पात्यांचं चाक असतं, पाण्याचा झोत पात्यांवर बसतो नि चाक गरगरतं. चाकाच्या मधून उभा दांडा वर येतो, खालच्या स्थिर तळीच्या भोकातून जाऊन वरच्या पाळूला फिरवतो. मध्ये दातेरी चक्र नाही, पट्टा नाही, काही नाही, चाकाचा एक फेरा म्हणजे पाळूचा एक फेरा. हिमालयात घराट म्हणतात तीही याच जातीची. यंत्र जितकं साधं तितकं मोडायला कमी.

ज्यांच्या घरात जातं होतं त्यांना ही खोली लगेच कळते. माझ्या आजीचं जातं माजघरात होतं, एका हाताने खुंटा ओढायचा नि दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे दळायचं मूठमूठ धान्य, घालायची, वैरण जास्त पडली की पीठ रवाळ, कमी पडली की दगडाला दगड घासून कच. पनचक्कीतही नेमकं हेच, वैरण बेताची पडत राहिली पाहिजे आणि दोन दगडांमधली फट नीट पाहिजे. दगड गुळगुळीत झाला की दळण होत नाही, मग त्याला टाकी लावायची. आमच्या गल्लीत टाकी लावणारी बाई यायची, छिन्नी-हातोडी घेऊन ओसरीवर बसायची, टकटकटक बारीक खाचा पाडत जायची, आणि त्या दिवशीचं पहिलं दळण आजी घरात वापरायची नाही, गाईला घालायची, कारण पिठात दगडाची कच येते. तर चक्कीचा दगड बघताना त्याच्यावर खाचा दिसतात का, कुठल्या दिशेने जातात, किती झिजल्यात ते बघा, आणि हात मात्र लावू नका, फिरत असली तर मुळीच नाही. लहान मुलांचा हात धरून ठेवा.

हे दळण कोणासाठी होतं ते पण बघायला हवं. इथे बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफी संतांचा दर्गा आहे. त्यांच्या खानकाहमध्ये, म्हणजे सूफी मठात, फकीर, वाटसरू, यात्रेकरू यायचे, राहायचे, आणि इतक्या माणसांच्या भाकरी-रोटीला रोजचं पीठ लागायचं. बायकांच्या खांद्यावरचं ते काम पाण्याने उचललं. बांधकामाच्या बाबतीत नावं येतात ती तुर्कताज खान आणि पुढे हौद नि कारंजी वाढवणारा जमील बेग खान, दोघं सरदार. साल कुठे १६९५ वाचाल, कुठे १७४४. गोंधळू नका, असल्या जागा एका वर्षात होत नाहीत, नहर, चक्की, हौद, मशीद अशी भर पडत जाते. वहीत साल लिहिताना कुठल्या पाटीवर किंवा पुस्तकात वाचलं तेही शेजारी लिहा. राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालय याच आवारात आहे, काही विचारायचं असलं, मोजमापाला परवानगी हवी असली तर तिथे आधी जाऊन बोला, दर्ग्याच्या आत फोटो काढायचे असतील तरी विचारूनच.

शेवटचा टप्पा नहर. हा बहुतेकांचा राहूनच जातो. पनचक्कीचं पाणी शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूच्या नदीशी एक ओढा मिळतो त्याच्या जरा वरच्या अंगाच्या विहिरीतून निघतं आणि काही किलोमीटर मातीच्या भाजलेल्या नळांतून इथवर येतं. आखूड आखूड नळ एकात एक घातलेले, सांध्याला चुना, भोवती बांधकाम. वाटेत ठिकठिकाणी दगड-चुन्याचे मनोरे, त्यात पाणी वर चढतं नि पलीकडे उतरतं, त्यामुळे दाब मोडतो, कोंडलेली हवा निघून जाते, गाळ बसतो. या शहराला ही विद्या त्याच्याही आधीपासून येत होती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकीला, म्हणजे याच शहरात, राजधानी केली आणि इथल्या दगडाळ, कोरड्या जमिनीखालून नहर-ए-अंबरी आणली, त्याच घडीवर पुढे कितीतरी नहरी झाल्या. पनचक्कीची नहर त्याच घराण्यातली.

नहर शोधायला निघालात तर एकटे जाऊ नका, आणि उघडं भोक दिसलं तर वाकून डोकं आत घालू नका, कडा ढिसूळ असतात. भोकात दगड टाकून खोली बघायची सवय असते लोकांना, तेही नको, खालचा मातीचा नळ फुटतो नि तीनशे वर्षं टिकलेलं एका दगडाने जातं. हर्सूल, बेगमपुरा भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "नहर कुठून जाते हो चाचा" एवढं विचारलं की बसवून घेऊन सांगतात. मला एका आजोबांनी त्यांच्या अंगणातली जागा दाखवली होती, लहानपणी तिथे जमिनीला कान लावला की पाणी ऐकू यायचं म्हणाले. असं कुणी सांगितलं तर फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात विचारून, आणि तारीख, गल्लीचा अंदाज लिहून ठेवा. घराचा पत्ता कुठे टाकू नका.

घरी आल्यावर फोटोंचं काय करायचं ते सांगते, कारण तिथेच सगळे कंटाळा करतात. हौदाचे शंभर फोटो ठेवण्यापेक्षा पाच कामाचे ठेवा. पुलाची एक कमान समोरून, खांबाचा तळ, दालनाच्या छतातली ओल, भिंतीवरचं रोपटं किंवा भेग, आणि चक्कीचा दगड. भेगेच्या फोटोत शेजारी टेप किंवा निदान एक पेन धरा म्हणजे किती मोठी ते कळतं. फाईलला तारीख नि जागा असं नाव द्या. भेग किंवा ढासळलेला चिरा दिसला तर पालिकेला आणि वक्फच्या कार्यालयाला लेखी कळवा, फोटो जोडून, आणि पोच घ्या. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले की पुन्हा त्याच जागी उभं राहून तोच फोटो परत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.